ट्रिगर हलका करून द्या, अंकल

मी सैन्यातून निवृत्त झालेला कर्नल, मूळचा इंदूरचा, आता पुन्हा इंदूरचाच. आयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, बंदुकीच्या ट्रिगरवर बोलतो. त्यांना वाटलं लढाईची गोष्ट असेल. तशी नाही. एका जुन्या शिकारी रायफलची आहे, नारळांची आहे आणि थोडी माझ्या एका चुकीची आहे. ती चूक मी अडतीस वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

पडद्यावर एक फोटो दिसतोय बघा. बोटाच्या पेराएवढा पोलादी तुकडा, एका कडेला खाच. या भागाला टंबलर म्हणतात. प्रत्यक्ष तुकडा मी आणलेला नाही, कारण शस्त्राचा सुटा भागही कायद्याच्या लेखी शस्त्रच असतो. तो जिथे असायला हवा तिथे, कोडगूमध्ये, मालकिणीच्या कपाटात आहे. या खाचेकडे नीट पाहा. तिची कड गोल झालेली दिसते ना? ती मी केली. १९८६ साली, बारीक कानशीनं, एका दुपारी, चहा पीत पीत.

आधी रायफलविषयी सांगतो. माझा एक कोर्समेट कोडगूचा होता, ज्याला आपण कूर्ग म्हणतो. सैन्यात कोडव लोक किती आहेत हे वेगळं सांगायला नको, फील्ड मार्शल करिअप्पा आणि जनरल थिमय्या तिथलेच. माझ्या मित्राच्या आजोबांनी बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कंपनीची एक छोटी रायफल घेतली होती. पॉइंट टू-टू बोअरची, एका वेळी एकच काडतूस घेणारी. रानकोंबडी, ससा असल्या लहान शिकारीसाठी. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीचे दिवस संपत गेले. रायफल घरात राहिली. कोडव लोकांना शस्त्र कायद्याच्या कलम ३ आणि ४ मधून सूट आहे, म्हणजे परवान्याशिवाय ठरावीक शस्त्रं बाळगता येतात. २०१९ साली ती सूट २०२९पर्यंत वाढवली आहे. त्यामुळे तिथल्या जुन्या घरांत, ज्यांना ऐनमने म्हणतात, बंदूक ही देवघरातल्या समईसारखी घरातली वस्तू असते. सप्टेंबरच्या सुरुवातीला, भाताची लावणी उरकली की, कैलपोळ्द नावाचा सण येतो. त्या दिवशी शस्त्रांची पूजा होते आणि बंदुकीच्या नळीत एक फूल खोचतात. तोक पू, म्हणजे बंदुकीचं फूल. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसलो, कारण ती आपली कळलावी. मराठीत भांडणं लावणाऱ्याला जे नाव, ते फूल तिथे बंदुकीच्या तोंडात. पूजा झाली की नारळ टांगतात आणि नेमबाजीची चुरस लागते.

ही रायफल मार्टिनी पद्धतीची. थोडं समजावून सांगतो, नाहीतर पुढची गोष्ट कळणार नाही. अमेरिकेत पीबॉडी नावाच्या माणसानं एक युक्ती काढली होती. नळीच्या मागे एक ठोकळा, तो मागच्या टोकाला बिजागरीसारखा अडकवलेला. लिव्हर खाली ओढली की ठोकळ्याचं पुढचं तोंड खाली झुकतं आणि नळीचं मागचं तोंड उघडं पडतं. पीबॉडीच्या रायफलला बाहेर हातोडा होता. स्वित्झर्लंडच्या मार्टिनीनं तो हातोडा काढून स्प्रिंग आणि टाचणी ठोकळ्याच्या पोटातच बसवली. एडिंबराच्या अलेक्झांडर हेन्रीची नळी तिला जोडून १८७१ साली ब्रिटिश सैन्यानं मार्टिनी-हेन्री घेतली. पुढे तीच रचना लहान करून बी.एस.ए.नं टू-टूच्या रायफली बनवल्या. इंग्लंडात निशाणेबाजीच्या क्लबांमध्ये त्या वर्षानुवर्षं चालल्या, कारण ट्रिगर सुटल्यापासून टाचणी काडतुसावर आपटेपर्यंत वेळ फार थोडा लागतो.

आता लिव्हर खाली गेली की टंबलर फिरतो, स्प्रिंग दाबली जाते आणि ट्रिगरचं नाक टंबलरच्या खाचेत अडकतं. लिव्हर वर आणली की रायफल तयार. स्प्रिंग सुटायला बघते आहे आणि तिला अडवून धरलंय ते फक्त त्या नाकानं. पकड किती? नखाच्या जाडीएवढी. आपण ट्रिगर ओढतो म्हणजे ते नाक खाचेतून सरकवून बाहेर काढतो. खाचेचा पृष्ठभाग खडबडीत असेल तर खरखर लागते. पकड खोल असेल तर नाक बराच वेळ सरकत राहतं, आता सुटेल, मग सुटेल, आणि तोवर नेम हलतो. ट्रिगरची स्वतःची स्प्रिंग जाड असेल तर नुसताच जोर लागतो. माझ्या मित्राच्या रायफलला सेफ्टी कॅच नव्हता. काडतूस आत आणि लिव्हर वर, म्हणजे रायफल भरलेली आणि ताणलेली. मध्ये दुसरं काही नाही.

१९८६च्या मे महिन्यात मी सुट्टीवर त्याच्याबरोबर गेलो. मी अठ्ठावीस वर्षांचा कॅप्टन. महूच्या इन्फन्ट्री स्कूलमध्ये शस्त्रांचा कोर्स नुकताच केलेला, ग्रेडिंग चांगलं आलेलं. म्हणजे आपल्याला सगळं कळतं असं वाटायचं वय आणि वाटायला लावणारा कागद, दोन्ही हाताशी. रायफल चांगली होती, ट्रिगर जड आणि खरखरीत होता. मी म्हटलं, काढ, नीट करून देतो. या छोट्या मार्टिनीत एक पिन काढली की आतली सगळी यंत्रणा एका तुकड्यात खाली उतरते, इतकं सोपं आहे ते. ते सोपं असणं हाच तिच्यातला धोका. मी खाचेवर कानस मारली, मग पॉलिशच्या दगडानं चकाकी आणली. बसवली. ट्रिगर असा झाला की बोट टेकवलं की सुटतो. मित्र खूश, त्याचे चुलतभाऊ खूश. ते पावसाळाभर त्या रायफलीनं डबे फोडत होते.

डिसेंबरमध्ये मी पुन्हा गेलो. मागच्या अंगणात मित्रानं काडतूस घातलं, लिव्हर वर केली आणि रायफल सुटली. त्याचं बोट ट्रिगरवर नव्हतं. मी दोन हातांवर उभा होतो, मी पाहिलं. मळ्यावर काम करणाऱ्या बाईचा सात-आठ वर्षांचा मुलगा विहिरीवरून पाणी घेऊन येत होता. गोळी त्याच्या हातातल्या पत्र्याच्या बादलीतून आरपार गेली. मुलाला काही झालं नाही. तो बादली टाकून पळाला. आवाज ऐकून मित्राचे वडील बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, काय झालं? मी तोंड उघडायच्या आत मित्र म्हणाला, माझं बोट आत होतं, चुकलं.

मी गप्प बसलो. मला त्या क्षणी नेमकं माहीत नव्हतं की दोष कानशीचा आहे, असं मी नंतर कितीदा तरी स्वतःला सांगितलं. पण माहीत होतं. यंत्रणा उघडल्यावर तर दिसतच होतं. अशा जुन्या भागांचं पोलाद आतून मऊ असतं आणि फक्त वरच्या पातळ थराला पाणी देऊन कडक केलेलं असतं. मऊ गाभा तुटू नये म्हणून, कडक थर झिजू नये म्हणून. हा थर कल्हईसारखा वरून लावलेला नसतो, पण पातळ असतो. माझ्या कानशीनं तो कापला. खालच्या मऊ पोलादावर ताणलेल्या स्प्रिंगचं ओझं आलं आणि शेकडो फैरींनंतर खाचेची कड गोल झाली. त्यात कानस हातानं मारल्यामुळे खाचेचा कोनही बदलला होता. नीट कोनात खाच नाकाला धरून ठेवते. कोन दुसऱ्या बाजूला गेला की ती नाकाला स्वतःच बाहेर ढकलते. मग लिव्हर बंद होतानाचा धक्का पुरतो. कल्हई गेली की पितळ उघडं पडतं म्हणतात, तसं माझं पडलं होतं. फक्त ते पाहणारे आम्ही दोघंच होतो.

आणखी एक गोष्ट. १९५९च्या शस्त्र कायद्याचं कलम ५ सांगतं की शस्त्राची दुरुस्ती करायलाही परवाना लागतो. सूट बाळगण्याची होती, कानस चालवण्याची नव्हती. गणवेशातला अधिकारी म्हणून मी शस्त्रांवर व्याख्यानं देत होतो आणि घरगुती चहाच्या टेबलावर कायदा मोडत होतो.

मित्रानं पुढच्या वर्षी कुणाकडून तरी ती रायफल दुरुस्त करून घेतली. नंतर आमच्यात तिचा विषय निघाला नाही. आम्ही दोघं निवृत्त झालो. २०२२ साली तो गेला.

२०२४च्या ऑगस्टमध्ये त्याच्या मुलीचा फोन आला. कॉफीचा मळा आता तीच सांभाळते. पॅरिस ऑलिंपिक चालू होतं. कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेला पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळालं होतं. ती म्हणाली, "अंकल, तुमच्या मराठी मुलानं मेडल आणलं. तोही पॉइंट टू-टूच मारतो ना? माझ्याकडेही टू-टू आहे. पण आजोबांच्या रायफलचा ट्रिगर ओढता ओढता माझा हात दुखतो. कैलपोळ्दला तीन आठवडे आहेत. पप्पा म्हणायचे तुम्हाला यातलं कळतं. ट्रिगर हलका करून द्या, अंकल."

"तुम्हाला यातलं कळतं." हे तो म्हणायचा.

मी गेलो. पहिल्या संध्याकाळी, रायफल टेबलावर ठेवण्याआधी, मी तिला १९८६ची गोष्ट सांगितली. तिथे मळ्याचा मुकादमही बसला होता, पंचेचाळिशीचा माणूस. मी सांगत गेलो तसा तो सरळ होऊन बसला. तोच तो मुलगा होता. मला माहीत नव्हतं. तो म्हणाला, गोळीचं मला फार आठवत नाही साहेब, बादली आठवते. नवी होती. आईनं बादलीवरून मारलं होतं.

मित्राची मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, आजोबांनी पप्पांना त्यानंतर किती तरी वर्षं कैलपोळ्दला नेम धरू दिला नाही. कॅप्टन आहे आणि बोट आवरत नाही, असं सगळ्यांसमोर म्हणायचे. पप्पा हसून सोडून द्यायचे. एवढं बोलून ती उठली आणि जाता जाता म्हणाली, सकाळी उघडू रायफल.

सकाळी उघडण्याआधी आम्ही मोजलं. हे मी तुम्हाला सविस्तर सांगणार आहे, कारण ट्रिगर जड आहे असं म्हणणाऱ्या शंभरातल्या नव्वद लोकांनी तो कधी मोजलेला नसतो. सैन्यातले आर्मरर वजनं टांगून मोजतात. आमच्याकडे खाद्यतेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन होता. जाड तारेचा हुक केला. रायफल रिकामी आहे हे तिनं पाहिलं, मी पाहिलं, मुकादमानं पाहिलं. टू-टूची टाचणी रिकाम्या नळीवर आपटू देऊ नये, नळीच्या मागच्या कडेला खड्डा पडतो, म्हणून वापरलेलं रिकामं काडतूस आत घातलं. रायफल तोंड वर करून उभी धरली, हुक ट्रिगरवर जिथे बोटाचं पेर येतं तिथे अडकवला आणि कॅनमध्ये मापानं पाणी ओतत गेलो. एक लिटर म्हणजे एक किलो. ट्रिगर सुटला की आकडा वहीत.

सकाळी सातला आकडे आले चार किलो सहाशे, चार शंभर, चार सातशे. साडेतीन किलोच्या आसपास वजनाची रायफल आणि ट्रिगर तिच्याहून जड! पण मला खटकलं ते वजन नाही, आकड्यांतला फरक. मग दुपारी दोनला पुन्हा मोजलं तर तीन सातशे, तीन आठशे. तीच रायफल, तोच हुक. मी चक्रावलो. तिला विचारलं, हिला तेल कुठलं लावता? ती म्हणाली, घरचं. खोबरेल.

खोबरेल तेल साधारण चोवीस-पंचवीस अंशांखाली थिजतं. कोडगूत ऑगस्ट-सप्टेंबरची सकाळ वीस अंशांच्याही खाली जाते. म्हणजे पहाटे आमच्या यंत्रणेत मेण भरलेलं असायचं आणि दुपारी ते पातळ व्हायचं. नारळ फुटत नव्हता याचं निम्मं कारण नारळच होता, यावर आम्ही तिघं मनसोक्त हसलो. त्या घरात आल्यापासून मी पहिल्यांदा हसलो.

मग तिनं पिन काढली आणि यंत्रणा खाली उतरवली. मी हात पाठीमागे बांधून सांगत होतो. हात लावला नाही. आतला टंबलर माझा नव्हता. वेगळ्या रंगाचा, नवा बसवलेला होता, खाच खोल होती आणि ट्रिगरची स्प्रिंग गरजेपेक्षा जाड होती. ज्यानं दुरुस्ती केली त्यानं विचार केला असणार की पुन्हा कधी आपोआप सुटता कामा नये. त्याला मी दोष देत नाही. जुना टंबलर रायफलच्याच पेटीत, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून ठेवलेला सापडला. कागद १९८७चा होता. मित्रानं तो का जपला, टाकून का दिला नाही, ते मला माहीत नाही. तुम्ही फोटोत पाहिलात तो हाच.

साफसफाईला काही विशेष विद्या लागत नाही. रॉकेल, जुना टूथब्रश, सुती फडकं. तीस-पस्तीस वर्षांचं खोबरेल, बारुदाची काजळी आणि धूळ यांचा जो राप चढला होता तो तपकिरी गोंदासारखा होता. दोनदा धुतलं, पूर्ण कोरडं केलं आणि पातळ बंदुकीचं तेल, तेही एकेक थेंब, नाक आणि खाच जिथे घासतात तिथे आणि पिनेवर. जास्त तेल म्हणजे जास्त धूळ. परत बसवून मोजलं. तीन किलो दोनशे, तीन दोनशे, तीन तीनशे. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेसहाला, तीन दोनशे. कानस नाही, दगड नाही, आणि सकाळच्या आकड्यातला जवळजवळ दीड किलो गेला.

तरीही ती म्हणाली, जडच आहे. एक किलो करा. स्वप्नीलचा किती असतो? मी सांगितलं, त्याच्या प्रकारात ट्रिगर किती हलका असावा याला खालची मर्यादाच नाही. दहा मीटर एअर पिस्तुलाला पाचशे ग्रॅमची आहे, पंचवीस मीटरच्या पिस्तुलाला एक किलोची, पन्नास मीटर रायफलला नाही. पण तो रेंजवर असतो. तिथे गोळी भरायची कधी हे ठरलेलं असतं, नळी कायम लक्ष्याकडे असते, पुढे कुणी चालत नसतं. इथे अंगणात पन्नास माणसं, पोरं, कुत्री आणि विना सेफ्टी कॅचची रायफल. एक किलो नाही.

दोन आठवडे उरले होते. मी म्हटलं, आता रायफल पुरे झाली, आता तुझं बोट बघू. सैन्यात नेम धरण्याला हिंदीत शिस्त लेना म्हणतात. पहिल्यांदा उस्तादानं "शिस्त लो" म्हटलं तेव्हा मी टाचा जुळवून उभा राहिलो होतो आणि अख्खी तुकडी हसली होती. पण नेम सगळ्यांनाच धरता येतो. बिघडतं ते शेवटच्या अर्ध्या सेकंदात. हिशेब करून बघा. दस्त्यापासून नळीच्या तोंडापर्यंत साधारण एक मीटर. दस्ता खांद्यात, म्हणजे तो खुंटा. ट्रिगर झटकल्यामुळे नळीचं तोंड फक्त एक मिलिमीटर बाजूला गेलं तर पन्नास मीटरवर गोळी पाच सेंटीमीटर सरकते. सोललेल्या नारळाच्या मध्यापासून कडेपर्यंत अंतर तेवढंच. एका मिलिमीटरमध्ये नारळ फुटणं आणि मागच्या मातीत धूळ उडणं, दोन्ही आहे.

म्हणून आम्ही चांदमारीचा जुना सराव घेतला. रिकामी रायफल, आत रिकामं काडतूस, समोर मातीचा बांध. नळीच्या टोकावर एक नाणं ठेवायचं आणि ट्रिगर असा दाबायचा की नाणं पडणार नाही. तिचं नाणं पहिल्या दिवशी वीसपैकी सतरा वेळा पडलं. बोट जास्त आत जात होतं, सांध्यापर्यंत, त्यामुळे ट्रिगर सरळ मागे न येता बाजूला ओढला जात होता. पहिल्या पेराच्या मध्यावर आणलं. दुसरं म्हणजे ती सुटण्याची वाट बघून झटका द्यायची. जड ट्रिगर असला की सगळेच असं करतात, आत्ता एकदाचं होऊन जाऊ दे म्हणून. मी सांगितलं, दाब वाढवत जा, कधी सुटतो ते तुझं काम नाही. श्वास अर्धा सोड, थांब, सात-आठ सेकंदांत सुटला नाही तर बोट काढ, श्वास घे, पुन्हा. आठव्या दिवशी वीसमध्ये तीन वेळा पडलं. त्याच वेळी दुसरी सवयही लावून घेतली. काडतूस भरायचं ते गोळीबाराच्या जागेवर उभं राहून, नळी नारळाकडे असतानाच. लिव्हर वर करताना बोट गार्डच्या बाहेर, सरळ, लाकडावर. आणि लिव्हर वर जाताना आजूबाजूचं प्रत्येक माणूस बंदुकीच्या मागे. मुकादमाला हे सांगावं लागलं नाही. लिव्हरचा आवाज झाला की तो आपोआप दोन पावलं मागे जातो. पूर्वीपासूनच जातो म्हणे.

तीन सप्टेंबरला कैलपोळ्द. पहिली गोळी चुकली. ती माझ्याकडे न बघता पुन्हा भरायला लागली. दुसऱ्या गोळीला नारळ फुटला आणि पाणी खाली उभ्या असलेल्या तिच्या काकांच्या टोपीवर उडालं. ट्रिगर तेव्हाही तीन किलो दोनशेच होता.

खरी दुरुस्ती त्यानंतर, २०२५च्या जानेवारीत झाली. ती स्वतः सुटीचं प्रमाणपत्र आणि रायफल घेऊन परवानाधारक गनस्मिथकडे गेली. मी बरोबर होतो, कोपऱ्यात बसून. त्या कारागिरानं ट्रिगरची स्प्रिंग योग्य जाडीची बसवली. खाच आणि नाक भिंगाखाली पाहिली, घासून कमी करण्याऐवजी ट्रिगर बदलला, कारण दुसरा सुटा भाग त्याच्याकडे होता, आणि फक्त जिथे जिथे दोन्ही पृष्ठभाग भिडतात तिथे कोन न बदलता पॉलिश केलं. मी विचारलं, खाचेवर थोडी कानस? त्यानं वर पाहिलं आणि म्हणाला, साहेब, तुम्ही कधी मारली आहे का? मी म्हटलं, एकदा. त्यानं पुढे काही विचारलं नाही.

मग त्यानं जे केलं ते मी १९८६ साली करायला हवं होतं. रिकामी रायफल ताणून, लिव्हर वीस वेळा जोरात आपटून बंद केली. दस्त्यावर, बाजूनं, खालून रबरी हातोडा मारला. दर वेळी खाच धरून राहिली की नाही ते तपासलं. पाच मिनिटांचं काम. माझ्या त्या गोड ट्रिगरनं ही पाच मिनिटं काढली नसती. आम्ही वजन मागितलं होतं दोन किलो. मोजल्यावर आलं दोन किलो, दोन पन्नास, दोन किलो. ती म्हणाली, एक का नाही, मला अजून कळलं नाही. मी म्हटलं, नको कळू दे.

आता ती दर महिन्याला मोजते. त्याच कॅननं, त्याच हुकानं, सकाळी सातला. वहीत तारीख, तापमान आणि आकडा. वहीच्या पहिल्या पानावर तिनं १९८६ असं लिहून त्यापुढे आकड्याची जागा मोकळी ठेवली आहे. मी तो ट्रिगर तेव्हा मोजलाच नव्हता. गेल्या महिन्यात तिचा मेसेज आला, दोन किलो दोनशे, अंकल, वाढला. मी विचारलं, तेल कुठलं लावलंस? दोन तास उत्तर आलं नाही. मग फोटो आला. घरात पाहुणा आलेला चुलतभाऊ, हातात खोबरेलची बाटली, आणि मागे मुकादम रॉकेलचा डबा घेऊन उभा.